मीटरची काच नुसती का मिळत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागे आपल्या पत्रांच्या सदरात एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की जुन्या पिकअपवाल्यांना आपण किती वेगाने चाललोय याची शुद्धच नसते, मीटर बंद पडलेले असतात आणि तशाच गाड्या ते गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटात घालतात. वाचून राग आला. तसाच उठलो आणि अंगणातल्या माझ्या गाडीत जाऊन बसलो, तेव्हा राग निम्मा उतरला. माझाही मीटर दिसत नव्हता. बंद नव्हता, दिसत नव्हता. यातला फरक त्या गृहस्थांना कळावा म्हणून लिहितोय.

मी बेळगावजवळच्या कडोलीचा. गाडी 2007 सालची. हंगामात रताळी, बटाटे, एरवी कोबी, फ्लॉवर, कोथिंबीर भरायची आणि रात्री जांबोटी, कणकुंबी, साखळी करत पहाटे गोव्यातलं म्हापसा गाठायचं, हा धंदा. मीटरची काच पांढरी पडली यात कंपनीचा काही दोष नाही, ते माझंच कर्तृत्व. रोज सकाळी खांद्यावरच्या कोरड्या टॉवेलने काच पुसायची मला सवय. बटाट्याच्या पोत्यांची माती केबिनभर उडालेली असते. त्या मातीत बारीक वाळू असते, म्हणजे पुसतोय म्हणत मी रोज घासत होतो. वर एकदा क्लीनर पोराने स्टिकरचा डिंक काढायला थिनरचा बोळा फिरवला, तो डिझेलच्या काट्यावर. तिथे कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक चीर उठली. काच म्हणतो आपण, पण ती काच नव्हे. प्लास्टिक असतं, बहुतेक ॲक्रिलिक. त्याला थिनर, पेट्रोल, स्पिरिट यातलं काही चालत नाही.

मागच्या डिसेंबरात रिकामे क्रेट घेऊन परत येत होतो. केरी सोडून घाट चढायला लागलो. साडेनऊचा सुमार, वळणावर ऊन उजव्या खिडकीतून थेट मीटरवर. सगळी काच पिठूळ. इंजिनाच्या तापमानाचा काटा कुठे आहे ते दिसेना, आणि ‘असेल रोजच्या जागेवर’ म्हणून मी रेटत राहिलो. बॉनेटच्या फटीतून वाफ आली तेव्हा कळलं. रेडिएटरचा खालचा होज, म्हणजे पाण्याचा रबरी पाइप, चिरला होता. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, म्हणून तासभर नुसता कठड्यावर बसून राहिलो. इंजिन तापलं की आधी जातं ते हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग) वाचलं हे नशीब. काटा दिसला असता तर चार वळणं आधीच थांबलो असतो.

आता मुद्द्याचं. घरी आल्यावर काच शोधायला निघालो. शहरातली तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानात सांगितलं, “नुसती काच येत नाही, पूर्ण मीटर घ्यावा लागेल.” दुसऱ्यात तेच कानडीत, “काच सिगंगिल्ल, होस मीटर हाक्री, मामा.” म्हणजे काच मिळत नाही, नवा मीटर बसवा. सीमाभागात राहायचा फायदा असा, की नकार दोन्ही भाषांत कळतो. अख्ख्या मीटरचे साडेचार हजार सांगितले, तेही मागवून. तिसऱ्याने भंगारातला जुना मीटर दाखवला. स्वस्त होता, पण त्यावर दुसऱ्याच कुठल्या गाडीचे किलोमीटर. तो बसवला तर उद्या गाडी विकताना घेणारा म्हणणार, मीटर बदललाय, किलोमीटर खोटे आहेत. आणि खोटे असतीलच की! आतला मीटर धडधाकट, काटे चालू, आणि वरच्या हाताएवढ्या प्लास्टिकसाठी हा सगळा खटाटोप.

शेवटी रविवारी सोप्यात बसून स्वतःच केलं. अशा गाड्या तालुक्यात शेकड्यांनी असतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. मीटरभोवतीच्या चौकटीचे चार स्क्रू. त्यातला एक डॅशबोर्डच्या आत पडला, तो अजून तिथेच आहे. मागच्या सॉकेटांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवले, मग स्पीडोमीटरची केबल सोडवली. (माझा मीटर केबलचा. नव्या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक मीटरला माझं ऐकून हात लावू नका.) काच कडेच्या प्लास्टिकच्या कानांवर अडकवलेली असते. थंडीत हे कान काडकन मोडतात, म्हणून मीटर तासभर उन्हात ठेवला आणि मग हलक्या हाताने सोडवले.

यानंतरची युक्ती मला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पॉलिशचं काम करणाऱ्या पाहुण्याने सांगितली. काचेवर ओलं बोट फिरवायचं. ओलं असेपर्यंत त्या पट्ट्यातून स्वच्छ दिसलं, तर ढग वरच्या ओरखड्यांचा आहे. पाणी ओरखड्यात भरतं म्हणून दिसतं, आणि ते ओरखडे घासून निघतात. ओलं करूनही धुरकटच राहिलं तर खराबी आतल्या बाजूला तरी असते, नाहीतर प्लास्टिकच्या अंगातच. माझ्या काचेवर बोट फिरवलं आणि स्पीडोमीटरचा साठचा आकडा असा लख्ख दिसला, की दोन वर्षं मी काय बघत होतो असं झालं. डिझेलच्या काट्यावरची जाळी मात्र पाण्यानेही हलली नाही.

मग वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश पेपर. आधी 1000 नंबर, मग 1500, मग 2000; नंबर मोठा तसा पेपर बारीक. बादलीत पाणी, त्यात साबणाचे दोन थेंब, पेपर सतत ओला. एका नंबरने आडवं घासायचं, पुढच्याने उभं, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं. हे न बघता पुढचा पेपर घेतला तर मागची रेघ शेवटपर्यंत राहते. पहिल्या पेपरनंतर काच दुधासारखी पांढरी झाली. बायको चहा घेऊन आली, बघितलं आणि म्हणाली, “अहो, होती ती बरी होती की!” मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण 2000 नंबर झाल्यावर मऊ फ्लॅनेलवर रबिंग कंपाउंड (पॉलिशची पेस्ट) घेतलं आणि लहान लहान गोल फिरवत बसलो, तेव्हा पांढऱ्यातून हळूहळू पारदर्शक उजाडायला लागलं. हाताने अर्धा-पाऊण तास. पाहुणा ड्रिलला बफ (पॉलिशचं मऊ चाक) लावून देतो म्हणाला होता, पण प्लास्टिक तापलं की मऊ पडतं आणि वेडंवाकडं होतं, म्हणून नको म्हटलं. टूथपेस्टने होतं म्हणतात, ते अगदी हलक्या ओरखड्यांपुरतं. कोरड्या फडक्याने घासलं की प्लास्टिकला वीज येते आणि सगळे तंतू काचेला चिकटतात, म्हणून शेवटचा हात ओल्या फडक्याचा. डायलला बोट लावायचं नाही, आकडे छापलेले असतात, निघून येतात. धूळ नुसती मऊ ब्रशने झटकायची.

मीटर उघडाच होता, तर मागचे दोन गेलेले बल्बही बदलले. पेपर, कंपाउंड, बल्ब धरून खर्च दोनशेच्या आत. डिझेलच्या काट्यावरची जाळी राहिली ती राहिलीच, थिनरपुढे पॉलिशचं काही चालत नाही. बाकी सगळं दिसतं. काहींच्या काचेवर चमक मारू नये म्हणून मंद थर असतो, तो घासला की जातो, एवढं लक्षात असू द्यावं. आणि हाच उपाय हेडलाइटवर करून ‘कायमचं काम झालं’ समजू नये. हेडलाइटच्या प्लास्टिकवर उन्हापासून वाचवणारा थर असतो. तो गेला की काही महिन्यांत काच परत पिवळी पडते.

हे जमलं म्हणून मी खूश आहे, पण माझी तक्रार तशीच आहे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, करावं लागतं. तिथे स्पीडोमीटर बघतात, बघावाच. मग त्यावरची काच सुटी विकायला काय हरकत आहे? केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2022 च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी, म्हणजे अख्खी वस्तू बदलायला न लावता ती दुरुस्त करून घेता यावी यासाठी, समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं यांच्या बरोबरीने वाहनंही त्यात धरली होती, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचं पोर्टलही सुरू झालं. कागदावर सगळं आहे. दुकानाच्या काउंटरवर मात्र अजून “सिगंगिल्ल”च आहे.

गाड्यांच्या कंपन्यांनी मीटरची काच वेगळा पार्ट नंबर देऊन विकावी, आणि आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना काढा-बसवाबरोबर असलं पॉलिशचं कामही हातात द्यावं, एवढी मागणी आपल्या वृत्तपत्रातून पुढे जावी. आणि त्या पत्रलेखक गृहस्थांनी कधी कडोलीला यावं. मीटर दाखवतो.

कळावे,
आपला,
एक पिकअपवाला, कडोली (ता. जि. बेळगाव)