मेलेल्या सेलमध्ये कॉस्टिक ओतू नका

मा. संपादक, नमस्कार.

माझं सांगलीत विश्रामबागला इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या आठवड्यात नववीतला एक मुलगा वडिलांबरोबर आला, हातात रिचार्जेबल पेन्सिल सेल, निकेल मेटल हायड्राइडचा, वरच्या टोपणाजवळ बारीक ड्रिलने भोक पाडलेलं आणि भोकाच्या कडेला पांढरी पावडर जमलेली. मोबाईलवर व्हिडिओ बघितलेला की मेलेल्या सेलमध्ये कडक कॉस्टिकचं पाणी सोडलं की तो परत चालतो, म्हणून ड्रेनेज साफ करायचा कॉस्टिक सोडा विरघळवून सिरिंजने आत सोडला. "काका, बोटं बुळबुळीत लागतायत, पुसलं तरी जात नाही," म्हणाला. अहो, ते कॉस्टिक कातडीच्या तेलाचा साबण करत होतं! मी आधी त्याचा हात पंधरा-वीस मिनिटं नळाखाली धरला, बोलणं नंतर. चष्म्याच्या काचेवर थेंब वाळलेले होते, चष्मा नसता तर डोळाच गेला असता.

घोळ कुठं होतो सांगतो. आपल्याला इन्व्हर्टरच्या बॅटरीची सवय, तिथं अ‍ॅसिड स्वतःच कामाला लागतं, बॅटरी उतरली की अ‍ॅसिड पातळ होतं, म्हणून हायड्रोमीटर घालून ग्रॅव्हिटी बघतात. या सेलमध्ये अ‍ॅसिड नसतंच, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं, म्हणजे कॉस्टिकच्याच जातीच्या अल्कलीचं पाणी असतं, आणि चार्जिंगला एका पट्टीवर जेवढं हायड्रॉक्साइड खर्च होतं तेवढंच दुसरीवर तयार होतं. चार्ज साठतो तो पट्ट्यांत, एक निकेलची आणि दुसरी हायड्रोजन शोषणाऱ्या मिश्रधातूची, मधलं पाणी नुसती ने-आण करतं. मग ते कडक करून चार्ज वाढणार कसा?

पण तीव्रतेला महत्त्व नाही असं नाही, फार आहे. वजनाने साधारण 30 टक्के असते ती उगाच नाही. पातळ असलं तर आयन कमी पडतात, आतला रेझिस्टन्स वाढतो आणि जास्त करंट खेचला की 1.2 व्होल्टचा सेल लगेच बसतो. तीव्रता वाढवत गेलं की करंट वाहणं सुधारतं, पण 30 टक्क्यांच्या आसपास ते सगळ्यात चांगलं, त्यापुढं परत घसरतं, कारण पाणी काकवीकडं झुकायला लागतं आणि आयन सरकत नाहीत. वर कडक अल्कली मिश्रधातूला खाते, निकेलची पट्टी जास्त फुगते आणि फुगलेली पट्टी सेपरेटरमधलं, म्हणजे दोन पट्ट्यांच्या मधल्या ओल्या पडद्यातलं पाणी ओढून घेते, म्हणजे ज्या कोरडेपणावर इलाज करायला गेलो तोच वाढला.

जुना सेल बऱ्याचदा आत कोरडा पडतो हे खरंय, त्यामुळे व्हिडिओवाल्याचं लोकांना पटतं. पण त्यात पाणी मुद्दामच चमचाभराच्या आत ठेवलेलं असतं, नुसतं सेपरेटर ओला राहील इतकं, कारण ओव्हरचार्जला निघणारा ऑक्सिजन पलीकडच्या पट्टीपर्यंत पोचून तिथं जिरायला वाट लागते. सेल गच्च भरला की ती वाट बंद, प्रेशर चढतं. आणि भोकातून हवा शिरली की कार्बन डायऑक्साइड धरून कार्बोनेट होतं, ती पांढरी पावडर तीच, आतही झालं की रेझिस्टन्स अजून वाढतो.

कुणाच्या डोळ्यात गेलंच तर लिंबू, व्हिनेगर काही घालू नका, फक्त पाणी, सतत पाणी, आणि लगेच दवाखाना.

त्या पोराला विज्ञान प्रदर्शनासाठी काहीतरी करायचंच होतं, म्हणून मी एक नवा सेल, एक जुना सेल, टॉर्चचा छोटा बल्ब आणि मल्टिमीटर दिला. नुसतं मोजलं तर दोन्ही सव्वा व्होल्टच्या वर. बल्ब जोडला तर नवा जवळपास तिथंच थांबला आणि जुना एकच्या खाली आला, पोरगं वाकून बघत राहिलं, तीनदा बल्ब काढला, तीनदा लावला. शाळांमधल्या विज्ञानाच्या सरांना, मॅडमना माझी कळकळीची विनंती आहे की प्रदर्शनात हे ठेवा, सेल न फोडता आतला रेझिस्टन्स दिसतो.

आपला,
एक दुरुस्तीवाला, विश्रामबाग, सांगली