‘इथं खाली कोण बसतं?’ असं विचारणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,
सादर नमस्कार.

समोर बोलले असते तर तुम्ही “कशाला ताई, कामच तर केलं” म्हणून विषय संपवला असता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. तुमचा मुलगा मोबाइलवर वाचून दाखवेल तेव्हा तुम्हाला मध्ये तोडता येणार नाही.

आमच्या ठाण्याच्या घराचा हॉल आधीच्या मालकांनी मधोमध पार्टिशन घालून दोन केला. अलीकडे आता आईची खोली, पलीकडे आमची बैठक. दिसायला भिंतच, रंगवलेली, गुळगुळीत. आत मात्र नुसती हवा. दोन्ही बाजूंना 12.5 मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड आणि मध्ये पत्र्याच्या उभ्या पट्ट्या. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तिचा पलंग समोरच्या भिंतीला लागला आणि टीव्हीला जागा उरली ती ह्याच पार्टिशनवर. टीव्ही 55 इंची, ब्रॅकेटसकट वीसेक किलोचा. क्रिकेटचा मोसम तोंडावर आलेला, आणि आमच्या आईला सून, नात, औषधं एकीकडे आणि मॅच एकीकडे.

तुमच्या आधी जे येऊन गेले त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. टीव्हीसोबत कंपनीनं पाठवलेल्या मुलानं भिंतीवर थाप मारली, ढप्प आवाज ऐकला आणि पिशवीतून ड्रिलच्या आधी एक कागद काढला. काही पडलं-फुटलं तर जबाबदारी ग्राहकाची, इथं सही करा. म्हणजे त्याला कळलं होतं! सही मिळाली असती तर त्यानं निवांत लावून दिला असता. मग एक इलेक्ट्रिशियन. “काय होत नाय मॅडम, हत्ती टांगा.” त्यानं पटापट भोकं पाडली, प्लास्टिकचे प्लग ठोकले, ब्रॅकेट कसलं. माझ्या नवऱ्यानं ते नुसतं जरा खाली ओढून पाहिलं, तर वरचा प्लग पांढऱ्या भुकटीसकट हातात आला. सिमेंटच्या भिंतीत प्लग फुगून घट्ट बसतो. इथं मागं कागद चिकटवलेला अर्धा इंच जिप्सम, त्यात तो फुगणार कुठं? यावर त्या गृहस्थांचं म्हणणं, “भिंतच बोगस आहे तुमची.” आणि व्हिजिट चार्ज घेऊन ते गेले.

तुम्ही आलात. चपला बाहेर काढल्या, पाणी प्यायलात, भिंतीकडे पाहिलंत आणि मग खाली फरशीकडे. तिथं चटई पसरलेली होती, तिच्यावर कंपासपेटी उघडी.

“ताई, इथं खाली कोण बसतं?”

मी म्हटलं, मुलगी. आजीच्या सोबतीला इथंच बसून गृहपाठ करते.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुमच्या पोऱ्यानं ड्रिल पिशवीतून अर्धं बाहेर काढलं होतं, त्याला म्हणालात, “ठेव आत. आज नाही.” आणि माझ्याकडे वळून, “उद्या प्लाय घेऊन येतो.”

काका, मला आठवतंय ते एवढंच. बाकी सगळ्यांनी भिंत पाहिली, टीव्ही पाहिला, आपली दिवसाची पुढची कामं पाहिली. चटई त्यांनाही दिसलीच असेल, ती काही लपवलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशीचं काम कसं केलंत ते मी इथं सांगत बसत नाही, मला ते धड सांगताही येणार नाही. पण ते लोहचुंबक! कुठल्याशा जुन्या स्पीकरचं, सुतळीला बांधलेलं, शर्टाच्या खिशातून निघालं. भिंतीवरून सावकाश फिरवत होतात आणि रंगाखालच्या स्क्रूपाशी ते टक्क करून चिकटलं की पेन्सिलीची फुली. हळूहळू फुल्यांची एक उभी ओळ झाली, मग दोन फुटांवर दुसरी. तेव्हा तुम्ही आईला समजावलंत की ब्रॅकेट आहे दीड फुटाचं आणि पट्ट्या दोन-दोन फुटांवर, एक बाजू पट्टीवर धरली की दुसरी पोकळीत जाते. म्हणून बैठकीच्या बाजूनं बोर्ड कापून आत 18 मिलिमीटरचा प्लाय, दोन्ही पट्ट्यांना कसलेला, आणि टीव्हीचा सगळा भार त्या प्लायवर. ऐन मॅचच्या दिवसांत आईनं इतकं लक्ष देऊन दुसरं काही ऐकलेलं मी पाहिलं नाही.

दुकानदारानं गळ्यात मारलेलं ते पुढे ओढायचं ब्रॅकेटही तुम्हीच परत करायला लावलंत. “वजन तेवढंच राहतं ताई, पण हात जितका बाहेर, तितका वरच्या स्क्रूला ओढा जास्त.” साधं, भिंतीलगतचं आणलं. पैसेही वाचले.

आणि टीव्ही लावायच्या आधी ब्रॅकेटला दोन्ही हातांनी लोंबकळून पाय उचललेत, तेव्हा आईनं डोळेच मिटून घेतले होते!

प्लाय आता बोर्डच्या आत आहे, त्यावर टेप, पुट्टी, रंग. तुम्ही तिथं जाड प्लाय घातला की पातळ, स्क्रू नीट कसले की अर्धवट सोडले, हे मला जन्मात कळलं नसतं. गॅसची नळी बसवणारे, लिफ्टचा दोर तपासणारे, शाळेच्या बसचे ब्रेक बघणारे, सगळ्यांचं असंच. त्यांच्याकडे कोणी बघत नसतं आणि आपली मुलं त्यांच्या भरवशावर असतात. अशा माणसांना आपण ‘भाव जास्त लावतो’ म्हणून नावं ठेवतो, आणि सही मागणाऱ्याला फाइव्ह स्टार देतो. कारण तो वेळेवर आला होता म्हणे.

तुम्ही भावही जास्त लावला नाहीत, हीच माझी तक्रार आहे. दोन दिवस आलात आणि मजुरी एका दिवसाची घेतलीत. वर “पहिल्या दिवशी मी केलं काय?”

उरलेला प्लायचा तुकडा बाल्कनीत उभा करून ठेवलाय. त्याचं शेल्फ होईल म्हणाला होतात, आईला औषधं ठेवायला हवंच आहे. पुढच्या आठवड्यात या. चहा आई स्वतः करणार म्हणतेय, आता चालते ती घरात. आणि या खेपेला मजुरी मी ठरवणार.

आपली,
चटईवाल्या मुलीची आई