पाण्याखालच्या कॅमेऱ्यासाठी काकांचे जाहीर आभार

सेलू, जि. परभणी

श्री. काकांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

परवा रात्री आईनं मी अंदमानला पाण्याखाली काढलेला व्हिडिओ तिसऱ्यांदा लावायला सांगितला. टीव्हीवर समुद्रफूल डोलत होतं, त्यातून नारिंगी क्लाउनफिश डोकं बाहेर काढून बघत होता. आई चष्मा पुसून टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली. "हे फूल हाय का जित्राब?" जित्राबच आहे म्हटल्यावर लगेच, "मंग ते त्या माशाला कामून खाईना?" माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, त्यामुळे त्याला डंख बसत नाही, हे तिला समजावून सांगताना मला तुमची आठवण आली. फोनवर आभाराचं नाव काढलं की तुम्ही विषय बदलता. शिवाय आता आपल्याकडचेच दोघं-तिघं मला कॅमेऱ्याचं विचारायला लागलेत. तुम्ही मला जे सांगितलंत ते त्यांनाही वाचता यावं, म्हणून हे पत्र जाहीर लिहितो आहे.

मालवणला मी स्कूबा डाइव्हसाठी पहिल्यांदा पाण्याखाली गेलो त्याची हकिकत तुम्हाला अर्धीच माहीत आहे. ‘वॉटरप्रूफ’ म्हणून घेतलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत मोबाइल घालून नेला होता. पाच-सहा मीटरवर पिशवी फोनला अशी चिकटली की स्क्रीनला बोटच कळेना. वर आलो तेव्हा तिच्या कोपऱ्यात चमचाभर पाणी होतं. फोन गेला आणि त्यात बाबांचे शेवटचे फोटो होते, तेही गेले. तेव्हापासून मनानं घेतलं होतं, की आता घ्यायचं तर सगळ्यात भारीच घ्यायचं.

दिवाळीत तुमच्याकडे संभाजीनगरला आलो ते तशी यादी खिशात घालूनच. लेन्स बदलता येणारा मिररलेस कॅमेरा, त्याला ॲल्युमिनियमचं हाऊसिंग म्हणजे पाणबंद पेटी, डोम पोर्ट म्हणजे पेटीची पुढची घुमटाकार काच, दोन स्ट्रोब म्हणजे पाण्याखालचे फ्लॅश. एकट्या हाऊसिंगची किंमत कॅमेऱ्याहून जास्त होती. त्यासाठी मी कर्ज काढायला निघालो होतो, हे तेव्हा बोललो नाही, आज सांगतो. तुम्ही यादी उघडलीसुद्धा नाही. विचारलंत, "फोटो कोणाला दाखवायचेत?" आईला, म्हणालो. "ती काय बघेल? मोठा देखावा की बारीकसारीक?" आई मेथी निवडताना पानावरची अळीसुद्धा उलटून-पालटून बघते. बारीकसारीक, म्हणालो. "आणि डाइव्ह किती झाल्या?" नऊ. तुम्ही यादीचा कागद तसाच माझ्या हातात परत दिलात. "मग हे सामान तुझं नाही. निदान आत्ता नाही."

माझा कॅमेरा त्या तीन प्रश्नांत ठरला, काका. तोवर मला सगळ्यांनी बजेट विचारलं होतं. आईबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

मग तुम्ही एकेक करून समजावलंत. गोप्रो छोटा, सोपा. नुसता १० मीटरपर्यंत चालतो, डाइव्ह हाऊसिंगमध्ये ६० मीटरपर्यंत. कासव, माशांचा थवा, सोबतचा डाइव्हर यासाठी उत्तम. पण त्याचा फोकस पक्का बसवलेला, जास्तीची लेन्स लावल्याशिवाय वितीभरावरचं धूसरच येणार. आईला दाखवायचं होतं ते सगळं त्या वितीच्या आतलं. म्हणून ऑलिम्पसचा टफ टीजी-६. मॉडेल २०१९ चं, २०२३ मध्ये टीजी-७ आला तरी तुम्ही ठामपणे म्हणालात, की वापरलेला जुनाच घे, उरलेले पैसे डाइव्हला लागतील. तो मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून एका सेंटीमीटरवरचंही टिपतो आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं संस्कार न केलेली कच्ची फाइल देतो, त्यामुळे घरी येऊन रंग सुधारता येतात.

कॅमेरा उघडाच १५ मीटरपर्यंत चालतो, मग हाऊसिंग कशाला, असं मी विचारलं होतं. ओपन वॉटरचं, म्हणजे डाइव्हरचं सुरुवातीचं सर्टिफिकेट १८ मीटरपर्यंतचं, हे तुम्ही दाखवून दिलंत. त्या जास्तीच्या तीन मीटरसाठी पीटी-०५९ हे ४५ मीटरपर्यंत चालणारं हाऊसिंग. आणि समजा ते गळलंच, तर आत पाणी सोसणारा कॅमेरा बसलाय. मिररलेस असता तर जागीच संपला असता. मालवणला फोन बुडालेल्या माणसाला याहून मोठा धीर दुसरा नव्हता.

उजेडाचं तुम्ही सांगितलंत ते मला वाटतं सगळ्यात आधी सांगायला हवं, कारण लोक कॅमेऱ्यावर पैसे घालतात आणि दिव्याचा विचार सर्वांत शेवटी करतात. पाणी आधी लाल रंग खातं. पाच मीटरच्या आसपासच तो जवळजवळ जातो, मग नारिंगी, मग पिवळा. कितीही भारी कॅमेरा असो, खाली सगळं निळं-हिरवंच दिसणार. दिवा जवळ नेला की गेलेला रंग परत येतो. पण दिवा लेन्सला खेटून ठेवला तर पाण्यातला प्रत्येक कण चमकतो. उसाच्या ट्रकमागं धुरळ्यात गाडीचा अप्पर लावला की पुढचं काहीच दिसत नाही, तसं, असं तुम्ही म्हणालात आणि मला ते तिथंच कळलं. म्हणून कॅमेरा ट्रेवर, ट्रेला एक दांडा, दांड्याच्या टोकाला बाजूनं पडणारा व्हिडिओ लाइट. स्ट्रोब नाही. व्हिडिओ लाइटनं फोटो आणि व्हिडिओ दोन्ही होतात, आणि पडणारा उजेड डोळ्यांना आधीच दिसतो, म्हणून नवशिक्याला तो बरा. लेन्सवर लावायचा लाल फिल्टरही नको म्हणालात, कारण दिवा आणि फिल्टर एकत्र लावले की सगळं लालभडक होतं. आणि झूम करू नकोस, स्वतः जवळ जा. मधलं पाणी जितकं कमी तितका फोटो स्वच्छ.

आता हाऊसिंग तपासायच्या त्या बादलीबद्दल. तुमची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, जायकवाडीचे २७ दरवाजे तुम्ही वर-खाली होताना पाहिलेत. म्हणूनच बहुतेक हाऊसिंगच्या झाकणातून पाणी आत येऊ न देणाऱ्या त्या बारीक रबरी ओ-रिंगकडे तुम्ही धरणाच्या सीलसारखं बघता. अंगणात बादली भरून ठेवली होती. १८ मीटरवर तळहाताएवढ्या जागेवर, म्हणजे १० बाय १० सेंटीमीटरवर, पाणी जवळपास १८० किलोनं दाबतं, हा हिशेब तुम्ही खडूनं फरशीवर मांडलात. पावणेदोन क्विंटलच्या वर. कापूस मोजणाऱ्या घरातला मी, मला क्विंटल लगेच कळतो. मग म्हणालात, "दाबाला भिऊ नको. दाब वाढला की रिंग उलट घट्ट बसते. घात होतो तो उथळ पाण्यात, रिंगवर काही अडकलं असलं तर." रिंग बोटांनीच काढायची, टोकदार काही लावायचं नाही. ग्रीस नावापुरतं, रिंग नुसती चकाकेल इतकंच. ग्रीस पाणी अडवत नाही, रिंगला खाचेत नीट बसू देतं. कापसाच्या बोळ्यानं पुसायचं नाही. आणि पहिल्यांदा कॅमेरा आत ठेवायचाच नाही, टिश्यू पेपर ठेवून रिकामं हाऊसिंग बुडवायचं.

त्यातली कापसाची गोष्ट तुम्ही सांगितलीत तेव्हा मला साधी वाटली होती. सेलूला आलो तेव्हा वेचणीचे दिवस होते. आमच्या ढाळजेत कापूस आढ्यापर्यंत चढलेला. तिथंच बसून मी हाऊसिंग बंद केलं, मागच्या हौदात बुडवून वर दगड ठेवला, अर्ध्या तासानं काढलं. टिश्यूचा एक कोपरा ओला. छातीत धस्स झालं. घराबाहेर ओट्यावर जाऊन बॅटरीचा उजेड रिंगवर आडवा टाकला, तेव्हा दिसला. कापसाचा एक तंतू, पापणीच्या केसाहून बारीक, रिंगवर आडवा पडलेला. सरळ डोळ्यांनी बघताना तो मला दिसलाच नव्हता. तो काढला, रिंग पुन्हा बसवली, पुन्हा बुडवलं. टिश्यू कोरडा. काका, त्या एका तंतूपायी मालवणसारखं पुन्हा आत पाणी शिरलं असतं. आता हाऊसिंग मी फक्त माडीवरच्या खोलीत, खिडक्या लावून, हात धुऊन उघडतो.

अंदमानचं थोडक्यात सांगतो, कारण फोटो तुम्ही पाहिलेच आहेत. बॅटऱ्या सगळ्या हातातल्या बॅगेत नेल्या. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, दमट हवा. हाऊसिंग एसीच्या खोलीतच बंद केलं, आत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवली, काच एकदाही धुकटली नाही. तुम्ही सांगितलं होतं म्हणून पहिल्या चार डाइव्ह कॅमेरा खोलीवरच राहिला. हे सगळ्यात जड गेलं, खोटं कशाला बोलू. चौथ्या डाइव्हला एक कटलफिश समोर रंग बदलत थांबला आणि माझे हात रिकामे. पण तुम्ही बरोबर होता. विहिरीत भोपळा बांधून मी न बुडायला शिकलो होतो. इथं नुसत्या श्वासावर एका जागी तोलून राहायचं होतं, आणि ते त्या चार डाइव्हमध्येच अंगात मुरलं. तोल नसलेला माणूस हातात कॅमेरा आल्यावर प्रवाळावर हात टेकतो, पायातले फिन्स आपटतो. प्रवाळ जिवंत आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली त्याला संरक्षण आहे. आपल्या एका फोटोपायी ते मोडता कामा नये, हे तुम्ही ज्या आवाजात सांगितलंत तो आवाज खाली कानात होता. प्रत्येक फोटोआधी टाकीतली हवा दाखवणारा गेज बघायचा, हा नियमही पाळला. एकदा समुद्री गोगलगायीच्या नादात असताना बघितला तेव्हा ८० बार उरले होते. तुमचा नियम नसता तर कधी बघितला असता, सांगता येत नाही.

रोज वर आल्यावर हाऊसिंग गोड्या पाण्यात बुडवून प्रत्येक बटण पाण्यातच दाबत बसायचो, मीठ निघून जावं म्हणून. बोटीवरच्या पोरांनी विचारलं, कोणी शिकवलं? म्हटलं, आमच्या काकांनी.

त्या व्हिडिओत सातव्या सेकंदाला क्लाउनफिशच्या मागून एक मोठा मासा येतो. आईला मी सांगितलं, की यांच्या घरात सगळ्यात मोठी असते ती मादी, बाकी सगळे तिच्या हाताखाली, आणि अंडी नर राखतो. तिनं पुन्हा मागं घेऊन बघायला लावलं. बाबा गेल्यापासून ती संध्याकाळी टीव्हीपुढं बसायची, पण बघत काही नव्हती. आता रोज एक ‘जित्राब’ मागते.

तुम्ही वापरायला दिलेला लाइट येत्या रविवारी घेऊन येतो. गोड्या पाण्यात धुतलाय, बॅटरी काढून वेगळी ठेवलीय, रिंग तपासलीय. आईनं घाण्याच्या करडईच्या तेलाचा पाच लिटरचा डबा बांधून ठेवलाय. तीही सोबत येणार म्हणते, तुमच्याकडचे कासवाचे व्हिडिओ बघायला. पेनड्राइव्ह काढून ठेवा.

आपला,
सेलूचा तुमचा विद्यार्थी