सोनूला दत्तक घेतेय

हर्णै,
8 नोव्हेंबर

प्रिय बायो,

परवा फोनवर तू "एकदम असं काय ठरवलंस?" म्हणालीस आणि मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून सोनूला दत्तक का घेतेय ते आज बसून लिहितेय. एकदम नाही गं, चार वर्षं मनात घोळतंय.

घटस्फोटात दागिने, फ्लॅट, बँकेतले पैसे, सगळ्याची वाटणी झाली. सोनूचं मला कुणी विचारलंच नाही, कारण कायद्याने मी त्याची कुणीच नव्हते. नवऱ्याचं, आई गेलेलं तीन वर्षांचं पोर लग्नात माझ्या ओटीत आलं, सात वर्षं मी वाढवलं, आणि एका सहीने परकी झाले. गेल्या पावसाळ्यात बडोद्याला त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. मिळेल त्या गाडीने धावले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "पेशंटच्या कोण तुम्ही?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. आत तो "आईला बोलवा" म्हणत होता.

वकिलांनी आधी पालकत्वाचा अर्ज सुचवला, तो सोपा म्हणे. पण ते पालकत्व अठराव्या वर्षी संपतं. मला मुदतीचं नातं नकोय. तेव्हा 1956 चा हिंदू दत्तक कायदा समजून घेतला. घटस्फोट झालेल्या बाईला स्वतःच्या नावाने मूल घेता येतं. मुलगा घ्यायचा तर तिला आधीचा मुलगा नसावा आणि दोघांत निदान 21 वर्षांचं अंतर हवं. आमच्यात 27 आहे. तो गुजरातेत, मी इथे, त्यानेही अडत नाही. अडतं ते त्याच्या वयाने. तशी रूढी नसेल तर पंधरा पूर्ण झालेलं मूल घेता येत नाही, आणि सोनूला 19 जानेवारीला पंधरा पूर्ण होतायत. म्हणून ही घाई.

आई हयात नाही, म्हणजे द्यायचा तो बापानेच. त्याच्याशी बोलायला मला आठ दिवस लागले. माझा राग अजून आहे, पण खरं ते सांगते, त्याने एकही अट घातली नाही. "तो तुझ्याकडेच हसतो," एवढंच म्हणाला आणि बराच वेळ फोन धरून राहिला. त्याचंही पोटचं पोर आहे गं. एकदा दत्तक दिलं की ना त्याला मोडता येतं ना मला, आणि कायद्याने जन्मघराशी नातं तुटतं. हे सोनूपासून लपवायचं नाही असं मी ठरवलं होतं.

मे महिन्यात तो आला होता. मागच्या पडवीत जेवत होतो, बांगड्याचं कालवण होतं. लहानपणी मी काटे काढून त्याला घास द्यायची. त्या दिवशी त्याने आपल्या ताटातला तुकडा सोडवला, बोटाने दाबून काटा राहिला नाही ना पाहिलं आणि माझ्या भातावर ठेवला. तेव्हाच मी सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "मग बाबांना काय म्हणायचं?" म्हटलं, बाबाच. कागद काही म्हणू दे, सुट्टीत तू त्यांच्याकडे जायचंस. थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आमचे सयाजीरावसुद्धा दत्तकच होते." खरंच की. 1875 साली बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला, तेच पुढे सयाजीराव. एका बाईनेच घेतला. त्यांच्याच शहरातल्या पोराने मला हे आठवून द्यावं!

होम केलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, पण देणंघेणं प्रत्यक्ष व्हायला हवं. नाताळच्या सुट्टीत बाप त्याला घेऊन येईल, आपल्या देवघरासमोर त्याचा हात माझ्या हातात देईल, आणि मग दापोलीला दस्त नोंदवायचा. नोंदलेला दस्त असला की उलट सिद्ध होईपर्यंत कोर्ट दत्तक खरं धरतं, म्हणून त्यात कसूर करायची नाही.

पोर माझ्यापेक्षा वीतभर उंच झालंय, मांडीवर काही मावणार नाही. ओटी मात्र भरून घेणार आहे, आणि ती तूच भरायचीस.

दस्तावर दोन साक्षीदार लागतात. एक माझा भाऊ, दुसरी तू. आधारकार्ड आठवणीने आण, आणि आदल्या रात्रीच मुक्कामाला ये. मला एकटीला झोप लागायची नाही.

तुझीच,
शमी