मुलाचं कर्ज आणि बापाची ग्रॅच्युइटी: केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
नवी दिल्ली

महोदया,

स. न. वि. वि.

मी चोपडा, जिल्हा जळगाव इथला निवृत्त एसटी कंडक्टर. पत्र मराठीत लिहितोय. आपल्या मंत्रालयात मराठी वाचणारं कोणीतरी असेलच. आमच्या बँकेच्या शाखेत सध्या नाही.

गेल्या महिन्यात पत्नीला अँजिओग्राफीसाठी जळगावला नेलं होतं. काउंटरवर चाळीस हजार भरायला सांगितले. कार्ड घासलं, चाललं नाही. पुन्हा घासलं. मागे रांग लागलेली. काउंटरवरची पोरगी आवाज खाली आणून म्हणाली, "काका, बॅलन्स नाहीये." मला हसू आलं. म्हटलं, आमची तिकिटाची मशीनसुद्धा भर गर्दीत अशीच दगा द्यायची. खाली येऊन एटीएममधून चिठ्ठी काढली. शिल्लक 312 रुपये. आदल्या दिवशी 1,86,712 होते.

वर आलो तर पत्नी खुर्चीत हातात फाइल धरून बसलेली. तिनं अहिराणीत विचारलं, "आपला पैसा कथा ग्यात?" म्हणजे पैसे गेले कुठे? मी म्हटलं, मशीन बंद शे. एवढ्या वर्षांच्या संसारात तिच्याशी पैशाबद्दल खोटं बोलण्याची ही पहिली वेळ. मेहुण्याला फोन करून त्याच्याकडून चाळीस हजार मागवले. जो मेहुणा लग्नात मला घड्याळ दिलं नाही म्हणून दहा वर्षं ऐकून घेत होता, त्याच्यापुढे हात पसरायची वेळ आली. हे आपल्या अहवालात कुठल्या रकान्यात बसतं, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी शाखेत गेलो. साहेब म्हणाले, "आपके बेटे का लोन एनपीए है. जॉइंट अकाउंट है ना?" एनपीए म्हणजे हप्ते थकलेलं, बुडीत धरलेलं कर्ज. संपला विषय. पासबुकात एक ओळ उमटली होती, लोन रिकव्हरी, 1,86,400.

कर्ज खोटं आहे असं मी म्हणत नाही. मुलानं केळीसाठी घेतलं. टिश्यूची रोपं, ठिबक, खत. पहिल्या वर्षी वादळात बाग आडवी झाली, दुसऱ्या वर्षी बाजारभावानं आडवी केली. हप्ते थकले. पण त्या कर्जाला मी जामीन नव्हतो. त्याच्या एकाही कागदावर माझी सही नाही. खातं मात्र दोघांच्या नावाचं. ते तसं का, तेही सांगतो. 2022 साली निवृत्त झालो, ग्रॅच्युइटीचा चेक घेऊन बँकेत गेलो, तेव्हा तिथल्याच बाबूनं सुचवलं, "काका, मुलाचं नाव लावून घ्या. उद्या काही झालं तर काकूंना खेपा नकोत. आयदर ऑर सर्व्हायव्हर करून देतो." म्हणजे दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो, पैसे काढू शकतो. मला वाटलं, माणूस आपुलकीचा आहे. पैसा तेव्हाही माझा होता, नंतरही माझाच. मुलानं त्यात कधी रुपया भरला नाही की काढला नाही. पासबुक बघा, एंट्री आहेत.

पतसंस्थेत ठेवले असते तर दीड टक्का जास्त मिळाला असता. पण आमच्या जिल्ह्यानं पतसंस्था बुडताना पाहिल्या आहेत, ठेवीच्या पावत्या घेऊन म्हातारी माणसं दारोदार फिरताना पाहिली आहेत. म्हणून सरकारी बँक. इथे पैसा बुडत नाही हे खरं, फक्त दुसऱ्याच्या खात्यात जातो.

पुतण्या जळगाव कोर्टात वकिली करतो. त्यानं सांगितलेलं ऐकून लिहितोय, कलम चुकलं तर आपले सचिव दुरुस्त करतील. म्हणे 1872 च्या करार कायद्याच्या कलम 171 चा आधार बँका घेतात. आपल्याकडे आलेला गिऱ्हाईकाचा पैसा त्याच्याकडच्या थकबाकीपोटी अडवून धरायचा हक्क. पण कर्ज एकाचं आणि खातं दोघांचं असेल तर देणेकरी आणि ठेवीदार एकच कसे? कोर्टाला खात्यावर जप्ती आणायची झाली तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा रस्ता आहे. बँकेला नोटीस जाते, पैसा नक्की कोणाचा याची हरकत ऐकली जाते. एवढंच काय, आपलं आयकर खातं! त्याच्या कडकपणाबद्दल वेगळं सांगायला नको. पण 1961 च्या कायद्यात त्यांनाही बंधन घातलं होतं, की संयुक्त खात्यावर हात टाकायचा तर सगळ्या खातेदारांना नोटिशीची प्रत पाठवा, आणि वेगळं सिद्ध होईपर्यंत वाटे समान धरा. म्हणजे आयकरवाल्यांनीसुद्धा आधी कागद पाठवला असता आणि निम्मे तरी ठेवले असते. बँकेनं ना कागद पाठवला, ना निम्मे ठेवले. 312 रुपये ठेवले, ते कोणत्या हिशेबानं हे मी अजून शोधतोय.

आणि हा पैसा ग्रॅच्युइटीचा. कोर्टाच्या हुकूमनाम्यातसुद्धा ग्रॅच्युइटी जप्त होत नाही. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की ती हातात पडून मुदत ठेवीत गेली तरी तिचं संरक्षण जात नाही. न्यायाधीशाला जे करता येत नाही ते शाखा व्यवस्थापक एका बटणावर करतो. साहेबांना हे सांगितलं तर त्यांनी खातं उघडण्याचा फॉर्म काढला. मुंगीएवढ्या इंग्रजीतली पानं, खाली माझी सही. म्हणाले, यात लिहिलंय. असेल. सही करताना त्यांनी बोट फक्त सहीच्या जागेवर ठेवलं होतं.

महोदया, मी आयुष्यभर दुसऱ्याचा पैसा हाताळला. ट्रिप संपली की वेबिल आणि कॅश जुळलीच पाहिजे. दहा रुपये कमी पडले तर खिशातून भरा, दहा जास्त निघाले तर त्याचाही जाब द्या. चोपडा–जळगाव गाडीत कितीतरी विनातिकीट पोरं पकडली. पण पोरगा विनातिकीट सापडला म्हणून शेजारी बसलेल्या बापाच्या खिशात मी कधी हात घातला नाही. घातला असता तर गाडीतल्या लोकांनी मला अडावदला उतरवून दिलं असतं.

तक्रार केली. तीस दिवस थांबा, मग रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. अर्ज चंदीगडला. चोपड्याच्या माणसानं चंदीगड! शाखा इथे, पैसा इथे कापला, पण दाद तिकडे.

2024 मध्ये लाडक्या बहिणींचे दीड हजार बँकांनी कर्जात वळते केले, तर राज्याच्या मंत्र्यांनी लगेच बँकांना सूचना दिल्या. निवडणूक तोंडावर होती, चांगलंच झालं. आमच्या ग्रॅच्युइटीचं मत कमी पडतं बहुतेक. आणि ईपीएस, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेतली पेन्शन म्हणून मला महिन्याला 2,940 मिळतात. मी नशीबवान, कारण सरकारनं 2014 साली किमान पेन्शन 1,000 ठरवली, ती घेणारेही आहेत. त्यातही कोणाचं खातं जॉइंट असेल तर देव त्याचं भलं करो.

मार्च 2025 मध्ये आपण लोकसभेत सांगितलंत, दहा वर्षांत बँकांनी 16.35 लाख कोटींची कर्जं निर्लेखित केली, म्हणजे हिशेबाच्या वहीतून काढली. निर्लेखित म्हणजे माफ नव्हे, वसुली चालूच असते, हेही आपण सांगता. मान्य. माझ्याकडून झाली ना वसुली, एका रात्रीत. फक्त एवढंच विचारायचं होतं, त्या मोठ्या लोकांच्या म्हाताऱ्या बापांची जॉइंट खाती कोणी तपासली का?

मागणं फार नाही. माझे 1,86,400 परत करा. आणि बँकांना सांगा, एकाच्या कर्जापोटी दोघांच्या खात्याला हात लावण्याआधी दुसऱ्याला नोटीस द्या, पैसा कोणाचा ते विचारा.

तोवर मुलाचं नाव खात्यातून काढावं म्हणून काल पुन्हा शाखेत गेलो. त्यासाठी दोघांच्याही सह्या लागतात, दोघांनीही समक्ष यायचं. मुलगा दोन महिन्यांपासून सुरतेला कापडाच्या कारखान्यात आहे, सुटी नाही. साहेबांना म्हटलं, पैसे काढताना तर तुम्हाला कोणाचीच सही लागली नाही. ते म्हणाले, "वो अलग प्रोसेस है."

आपला,
एक निवृत्त कंडक्टर
चोपडा, जि. जळगाव