पिकलबॉलमध्ये जोडीदाराशी बोलावे कधी आणि काय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडापानावर अलीकडे पिकलबॉलला, म्हणजे बॅडमिंटनएवढ्या कोर्टवर सपाट बॅटसारख्या पॅडलने चेंडू जाळीपलीकडे मारण्याच्या खेळाला, चांगली जागा मिळू लागली आहे, याबद्दल प्रथम आभार. स्पर्धांचे निकाल आणि शहरात नव्याने उभी राहणारी कोर्ट यांची माहिती त्यातून मिळते. मात्र हा खेळ ज्यांच्यामुळे वाढला, ते बहुतेक जण पन्नाशी-साठीतले किंवा दिवसभर ऑफिसात बसून संध्याकाळी तासभर घाम गाळायला येणारे हौशी खेळाडू आहेत, आणि त्यांच्या खेळाविषयी फारसे छापून येत नाही. ठाण्यात आमच्या भागातील कोर्टवर मी नियमित खेळते, इतरांचा खेळही पाहते. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, हौशी खेळाडूंचे बहुतेक गुण फटका न जमल्याने जात नाहीत, तर एका बाजूला उभी असलेली दोन माणसे एकमेकांशी वेळेवर बोलत नाहीत म्हणून जातात. महागडे पॅडल घेऊन हा दोष जात नाही. तो घालवायला खर्चही येत नाही, म्हणूनच कदाचित त्याकडे कोणाचे लक्ष जात नसावे.

दोघांच्या मधोमध येणाऱ्या चेंडूचेच पाहा. कोर्टची रुंदी २० फूट, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १० फूट येतात. एवढ्याशा जागेत दोन सशक्त माणसे उभी असताना समोरून साधा, बिनवेगाचा चेंडू मधून येतो, दोघेही त्याच्याकडे पाहतात, दोघांचीही पॅडल अर्धवट उचलली जातात आणि चेंडू दोघांच्या मधून मागे निघून जातो. त्यावर “मला वाटलं, तू घेशील” हे वाक्य ठरलेले असते. कधी याच्या उलट होते. दोघेही धावतात आणि पॅडलवर पॅडल आदळते. उजव्या हाताने खेळणारे दोघे असतील, तर डाव्या बाजूला उभ्या असलेल्याचा फोरहँड मधोमध येतो, म्हणून मधला चेंडू सर्वसाधारणपणे त्याने घ्यावा, असा संकेत आहे. एक जण डावखुरा असेल, तर दोघांचे फोरहँड मध्ये येतात किंवा दोघांचे बॅकहँड, आणि मग हा संकेत उपयोगाचा राहत नाही. अशा वेळी ज्याच्या तिरक्या समोरून चेंडू येतो त्याने मधला चेंडू घ्यायचा, असेही काही जण ठरवतात. यातला कोणता नियम निवडला याला तितके महत्त्व नाही. तो पहिल्या सर्व्हिसच्या आधी मोठ्याने बोलून ठरवला का, याला आहे. हे ठरवायला अर्धे मिनिटही लागत नाही, तरी दहांतल्या नऊ जोड्या “चला, सुरू करू” म्हणून थेट खेळायला लागतात.

आपल्याकडे या खेळात येणारे बरेच जण बॅडमिंटन खेळून आलेले आहेत, आणि ते साहजिक आहे. १९६५ साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि त्यांच्या मित्रांनी हा खेळ सुरू केला, तोच मुळी घराजवळच्या जुन्या बॅडमिंटन कोर्टवर. त्यामुळे ४४ फूट बाय २० फूट हे माप दोन्ही खेळांत एकच आहे आणि आपल्या हॉलमध्ये जाळी खाली उतरवली की पिकलबॉल सुरू करता येतो. (ती मध्यभागी ३४ इंच आणि कडेला ३६ इंच हवी, हे मात्र सहसा कोणी मोजत नाही.) पण बॅडमिंटनची आखणी वापरताना दोन घोटाळे होतात. पहिला किरकोळ आहे. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस रेषा जाळीपासून साडेसहा फुटांवर असते आणि पिकलबॉलचे किचन, म्हणजे जाळीलगतचा ज्या पट्ट्यात उभे राहून व्हॉली (टप्पा न पडू देता मारलेला फटका) मारता येत नाही तो, सात फुटांचे असते. तीच रेषा किचनची म्हणून धरली, तर अर्ध्या फुटाची चूक अंगवळणी पडते आणि नीट आखलेल्या कोर्टवर गेल्यावर व्हॉली मारताना पाय आत पडू लागतो.

दुसरा घोटाळा मोठा आहे. बॅडमिंटनच्या दुहेरीत आक्रमण करताना एक पुढे आणि एक मागे उभा राहतो. तीच सवय इथे आली की एक खेळाडू किचनच्या रेषेवर एकटा लढत राहतो आणि दुसरा मागच्या रेषेजवळ रेंगाळतो, त्यामुळे दोघांमध्ये तिरके भगदाड पडते. पिकलबॉलमध्ये शक्य तितक्या लवकर दोघांनीही किचनच्या रेषेपर्यंत येऊन शेजारीशेजारी उभे राहायचे असते, आणि जोडीदार कडेला ओढला गेला तर आपणही त्याच दिशेने दोन पावले सरकायचे असते. लोकलच्या बाकावर चौथ्या माणसाला जागा करून देताना सगळे जसे न सांगता एका बाजूला सरकतात, तसे हे सरकणे व्हायला हवे. फरक एवढाच की लोकलमध्ये आपल्याला वर्षानुवर्षांची सवय असते. कोर्टवर ती लागेपर्यंत तोंडाने सांगावे लागते.

हे सांगायचे कोणी? ज्याच्याकडे चेंडू येतो आहे त्याची नजर चेंडूवर खिळलेली असते. समोरची जोडी कुठे उभी आहे, पुढे जावे की थांबावे, हे त्याला दिसत नाही. म्हणून बोलण्याची जबाबदारी त्या क्षणी न मारणाऱ्याची असते. सर्व्हिसच्या वेळी याचा पुरेपूर प्रत्यय येतो. नियमानुसार सर्व्हिस समोरच्याने टप्पा पडल्यावरच परतवायची आणि तो परतलेला चेंडूही सर्व्हिस करणाऱ्या जोडीने टप्पा पडू देऊनच मारायचा. असे असूनही सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार उत्साहाने दोन पावले आत सरकतो, खोल आलेला चेंडू नेमका त्याच्या पायाशी पडतो आणि तो मागे झुकून कसाबसा जाळीत मारतो. सर्व्हिस करणाऱ्याने “थांब” एवढा एक शब्द उच्चारला असता, तर तो गुण वाचला असता. तिसऱ्या फटक्यानंतरही तेच. जोडीदाराने किचनमध्ये हलका ड्रॉप टाकायचा प्रयत्न केला की, तो चेंडू खाली बसतो आहे की वर उसळणार आहे, हे शेजारच्याला आधी कळते. बसत असेल तर “चल” म्हणून दोघांनी पुढे जावे. वर राहिला असेल तर “थांब” म्हणून जागेवर पॅडल खाली धरून उभे राहावे, कारण आता समोरून जोराचा फटका येणार असतो. डोक्यावरून लॉब गेला आणि एकाच्या मागचा चेंडू दुसरा घ्यायला धावला, तर “बदल” म्हणायचे, म्हणजे बाजूंची अदलाबदल होते. एवढे चार-पाच शब्द हौशी खेळाला पुरतात, पण ते चेंडू जाळी ओलांडण्यापूर्वी निघायला हवेत.

“सोड” हा आणखी एक शब्द भांडणाचे कारण ठरतो, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. किचनच्या रेषेवर उभे असताना खांद्याच्या उंचीने आलेला जोरदार चेंडू बहुतेकदा बाहेर जाणारा असतो, पण समोर आलेल्या चेंडूवर पॅडल घालण्याचा मोह सुटत नाही. अशा वेळी शेजारच्याने “सोड” किंवा “आउट” असे ओरडले आणि चेंडू आतच पडला, तर समोरची जोडी लगेच आक्षेप घेते की, तुम्ही आउट म्हणालात, तेव्हा गुण आमचा. हा आक्षेप चुकीचा आहे. चेंडू हवेत असताना उच्चारलेला असा शब्द म्हणजे जोडीदाराशी केलेले बोलणे. रेषेचा निर्णय तो नव्हे, असे अमेरिकेतील पिकलबॉल संघटनेचे नियम स्पष्ट सांगतात. टप्पा पडल्यानंतर “आउट” म्हटले, तरच तो निर्णय ठरतो. हौशी सामन्यांत पंच नसतात आणि आपल्या बाजूच्या रेषांचा निर्णय आपणच द्यायचा असतो. त्यात एक जोडीदार “आउट” आणि दुसरा “आत” म्हणाला, तर शंका आहे असे मानून चेंडू आतच धरायचा, असाही नियम आहे. समोरच्यांपुढे आपल्याच जोडीदाराला खोटे पाडल्यासारखे होईल, या संकोचाने अनेक जण गप्प राहतात, हे मी पाहिले आहे. त्या संकोचाला खेळात जागा नाही.

संकोचाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक बाब. आपल्याकडे मिसरूड फुटलेला मुलगा आणि निवृत्त बँक अधिकारी अशी जोडी सहज होते, आणि या खेळाचे ते मोठेच वैशिष्ट्य आहे. पण त्या मुलाची जीभ रेटत नाही. “काका, तुम्ही सोडा, मी घेतो” हे वाक्य त्याच्या मनात जुळेपर्यंत चेंडू मागच्या जाळीला लागलेला असतो. ज्येष्ठांनीच खेळापूर्वी “मला नुसतं ‘सोडा’ म्हण, मागेपुढे पाहू नकोस” असे सांगितले, तर त्याचा भार हलका होतो. माझा गुडघा दुखतो, मागे पडणारा लॉब तू घे, हेही त्याच वेळी सांगून टाकावे. मिश्र जोड्यांमध्ये निराळाच प्रकार असतो. काही पुरुष खेळाडू मधला चेंडू तर घेतातच, शिवाय बाईच्या उजव्या खांद्यासमोरचाही घेतात, आणि मग मोकळ्या पडलेल्या त्यांच्या स्वतःच्या बाजूला चेंडू पडला की तिच्याकडे पाहतात. समोरचे हुशार असतील, तर ते याच सवयीवर सामना जिंकतात. चेंडू कोणाचा हे ठरवताना वय, नाते आणि कोण किती जोरात मारतो, यांपेक्षा कोण कुठे उभे आहे हेच पाहायला हवे.

बोलावे म्हणजे शिकवावे, असा मात्र अर्थ कोणी काढू नये. आमच्या भागातील एका कोर्टवर एक गृहस्थ प्रत्येक गुणानंतर जोडीदाराला मनगट कसे ठेवायचे ते दाखवतात. त्यांच्या जोडीला कोणी उभे राहायला तयार नसते आणि ते का, हे त्यांच्या अजून ध्यानात आलेले नाही. रॅली संपल्यावर पॅडलला पॅडल लावून “पुढचा” एवढे म्हटले तरी पुरते. काही सांगायचेच असेल, तर ते समोरच्या जोडीविषयी सांगावे: डावीकडच्याचा बॅकहँड उंच येतो, तिकडे टाकू या. असे सांगितल्याने दोघांचे लक्ष जाळीच्या पलीकडे राहते. फटक्याविषयीची सूचना कोणी मागितली तरच द्यावी आणि तीही सामना संपल्यावर. गुणसंख्येबाबत मात्र लगेच बोलणे आवश्यक आहे. दुहेरीत सर्व्हिसपूर्वी आपले गुण, समोरच्यांचे गुण आणि आपण पहिले की दुसरे सर्व्हर, असे तीन आकडे पुकारायचे असतात. यातला तिसरा आकडा विसरला जातोच, आणि तो दुरुस्त करणे हे जोडीदाराचे काम आहे.

खेळ सुधारण्यासाठी वेगळे काय करावे, असे नवे खेळाडू विचारतात. तासाच्या भाड्याचे कोर्ट चौघांत वाटून घेतलेले असल्याने सरावाला कोणी वेळ देत नाही, पहिल्या मिनिटापासून ११ गुणांचे सामने सुरू होतात. त्यापेक्षा सुरुवातीची दहा मिनिटे चौघांनी किचनच्या रेषेवर उभे राहून फक्त डिंक (समोरच्या किचनमध्ये हलकेच टाकलेले फटके) खेळावेत, आणि तेही बोलत: मधला चेंडू आला की “मी” किंवा “तू” म्हटल्याशिवाय मारायचा नाही. चूक झाली तरी गुण जात नाही, त्यामुळे बुजरी माणसेही मोकळी होतात. दोघे नेहमी एकत्र खेळत असतील, तर त्या दिवसापुरती एकच गोष्ट ठरवावी, उदाहरणार्थ, सर्व्हिस परतवली की न थांबता पुढे जायचे, आणि एकमेकांना तेवढ्याचीच आठवण करावी. मोबाइल कुंपणाला अडकवून एखादा सामना चित्रित केल्यास मधले भगदाड इतके ठळक दिसते की कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही.

सोसायट्यांमध्ये पिकलबॉलच्या आवाजाबद्दल तक्रारी वाढत आहेत याची मला कल्पना आहे, आणि सकाळी सहाला पॅडलची टकटक ऐकणाऱ्या रहिवाशांशी मी सहमतही आहे. पण शेजारी दहा फुटांवर उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात एक शब्द उच्चारणे म्हणजे आरडाओरडा नव्हे. गुण गेल्यावर होणारी “अरे, काय हे!” ही ओरड त्याहून कितीतरी मोठी असते.

मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी हा खेळ भारतात रुजवला आणि २००८ साली अखिल भारतीय संघटना स्थापन केली. २०२५च्या आरंभी मुंबईतच वर्ल्ड पिकलबॉल लीग झाली. तिच्या संस्थापकांपैकी गौरव नाटेकर हे टेनिसपटू, आणि बॅडमिंटनचे नंदू नाटेकर यांचे चिरंजीव. म्हणजे भारतातल्या या खेळाची पाळेमुळे आपल्याच मातीत आहेत, आणि तो कसा खेळावा हे मराठीतून सांगण्याची जबाबदारी मराठी वृत्तपत्रांनी घ्यायला हरकत नसावी. आपल्या क्रीडापानावर आठवड्यातून एकदा हौशी दुहेरीसाठी छोटी चौकट सुरू करावी, अशी माझी विनंती आहे. कोर्टचालकांनाही एक सूचना आहे. बूट कोणते घालावेत आणि भाडे किती, याच्या पाट्या सर्वत्र असतात. त्यांच्याखाली हवेतल्या “आउट”चा नियम, जोडीदारांत दुमत झाल्यास चेंडू आत धरण्याचा नियम आणि किचनच्या रेषेला लागलेली सर्व्हिस बाद असते हा नियम, असे तीनच नियम मराठीत लिहून लावले, तर रोजचे निम्मे वाद तिथेच मिटतील.

आपली नम्र,
एक वाचक, ठाणे