साहित्यसंस्थेच्या वीजबिलालाही देणगीदार हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

साहित्य महोत्सवांना आपण भरभरून जागा देता, याचा वाचक म्हणून आनंद आहे. पण महोत्सवाचा मांडव उतरल्यावर शहरात वर्षभर साहित्याचं काम करणाऱ्या ना-नफा संस्था कशावर तगतात, याची चर्चा फारशी वाचायला मिळत नाही. मी अशाच एका संस्थेचे हिशेब पाहते, म्हणून हे पत्र.

देणगीदारांचा पहिला प्रश्न बहुधा व्यासपीठावरच्या फलकाचा असतो. पाहुण्यांचा प्रवासखर्च, पुरस्काराची रक्कम, स्मरणिका यांना प्रायोजक मिळतो. दर आठवड्याची लेखन कार्यशाळा घेणाऱ्या कवयित्रीचं मानधन, ग्रंथपालाचा पगार, जागेचं भाडं, वीजबिल यांच्यासाठी कुणी पुढे येत नाही. कित्येकदा अटच असते की निधी कार्यक्रमांवर खर्च व्हावा, आस्थापनेवर नको. पण नावं नोंदवून घेणारं, सभागृहाची किल्ली सांभाळणारं, नवोदितांची हस्तलिखितं वाचून त्यांवर मनापासून अभिप्राय लिहिणारं माणूस म्हणजेच ही आस्थापना. त्याला पगार नसेल, तर कार्यक्रम तरी कोण उभा करणार?

जगात जिथे असं काम टिकलं, तिथे ते रोजच्या कामावरच टिकलं आहे. मिनियापोलिसचं ‘लॉफ्ट लिटररी सेंटर’ १९७४ मध्ये एका पुस्तकाच्या दुकानाच्या वरच्या जागेत सुरू झालं. अमेरिकेतल्या मोठ्या लेखनकेंद्रांत त्याचं नाव घेतलं जातं ते वर्षभर चालणाऱ्या वर्गांमुळे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ‘८२६ व्हॅलेन्सिया’ची गोष्ट तर मला फारच आवडते. शाळकरी मुलांना लेखनात मदत करण्यासाठी २००२ मध्ये ही संस्था निघाली. जागा मिळाली, पण नियमानुसार तिथे दुकान असणं बंधनकारक होतं. संस्थापकांनी पुढच्या भागात चक्क समुद्री चाच्यांच्या सामानाचं दुकान थाटलं, डोळ्यावरच्या काळ्या पट्ट्या आणि दुर्बिणींसकट! मागच्या बाजूला मुलांच्या शेजारी बसून स्वयंसेवक त्यांचं लेखन वाचू लागले. कुतूहलानं दुकानात शिरलेल्या माणसाला मागे काय चाललंय ते आपोआप कळे, आणि विक्रीचे पैसे कामाला लागत. हे मुद्दाम सांगते, कारण एकेका मुलाजवळ बसून त्याचं वाक्य त्याच्याकडूनच नीट करून घेण्याच्या कामाचा झगमगीत फोटो निघत नाही. तरीही शहरानं ते आपलं मानलं.

अशा संस्था किती नाजूक असतात, हेही विसरून चालणार नाही. न्यूयॉर्कचं ‘पोएट्स हाउस’ १९८५ मध्ये स्थापन झालं. कवितेचं एवढं मोठं ग्रंथालय असूनही महासाथीच्या काळात, २०२० मध्ये, त्याला कामकाज थांबवावं लागलं. गंगाजळी नसलेल्या लहान संस्थेची अशा वेळी काय अवस्था होत असेल!

देणगीदारांच्या मनातली शंका अगदीच निराधार आहे, असं मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षं तीच कार्यकारिणी, सभासदांनाही न दिसणारा ताळेबंद आणि ओळखीच्याच लोकांना व्यासपीठ, हे काही ठिकाणी घडतं. संस्थांनी जमाखर्च दरवर्षी सर्वांसमोर ठेवावा. किती नव्या लोकांना लिहितं केलं, किती शाळांत पोहोचलो, हेही सांगावं. मगच आस्थापना खर्चासाठी हक्कानं हात पसरता येईल. माझा आग्रह असा की प्रत्येक देणगीतला काही वाटा बिनशर्त असावा, आणि तो एका सोहळ्यापुरता नसून तीन-चार वर्षांसाठी कबूल केलेला असावा. तेवढ्या भरवशावर एखाद्या तरुण ग्रंथपालाला नोकरीवर ठेवता येतं.

युनेस्कोनं २००४ मध्ये एडिनबरोला जगातली पहिली ‘साहित्यनगरी’ म्हणून मान्यता दिली. २०२३ मध्ये कोझिकोडला हा मान मिळाला, भारतात पहिल्यांदाच. या निवडीच्या निकषांत महोत्सव आहेत, तशीच ग्रंथालयं, प्रकाशन, साहित्याचं शिक्षण आणि अनुवादही आहेत. साहित्याच्या प्रसारातला माध्यमांचा सहभाग हाही त्यातलाच एक निकष.

म्हणून आपल्याला विनंती की आठवड्यातून एकदा, चौकटीएवढ्या जागेत का होईना, शहरातल्या लेखन कार्यशाळा, वाचनकट्टे आणि कवितावाचनांची माहिती दिवस-वेळ-ठिकाणासह छापावी. महोत्सवाची बातमी करताना आयोजकांना एक प्रश्नही विचारावा: उरलेलं वर्षभर आपली संस्था काय करते, आणि तो खर्च कोण देतं?

आपली,
एका साहित्यसंस्थेची कार्यकर्ती